मोटारगाडी, स्पोर्ट्‌स : निलंबन व प्रवाससौख्य

मोटारगाडी, स्पोर्ट्‌स : निलंबन व प्रवाससौख्य. वेगाने व निश्चितपणे वळणे घेता यावीत, या हेतूने ठेंगणी, ताठ स्प्रिंगांची व रुंद टायरांची बनविलेली मोटारगाडी म्हणजे स्पोर्ट्‌स मोटार. सामान्य कौटुंबिक गाडीलाच अधिक शक्तीचे एंजिन व ताठ निलंबन (सस्पेन्शन) बसवून तयार केलेल्या गाड्याही याच वर्गात धरतात. गुळगुळीत रस्त्यावर अशा गाडीचे गुण दिसतात. ओबडधोबड रस्त्यावर मात्र ती प्रवाशांना हादरे देते. हे हादरे कमी करून गाडीचा चपळपणा शक्य तेवढा राखणे, हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. गाडी मऊ करणे म्हणजे केवळ स्प्रिंगा मऊ करणे नव्हे. टायर, स्प्रिंग, धक्काशोषक, रबरी सांधे व आसन ही एकाच साखळीची अंगे असून त्यांतील एक बदलले की इतरांचे काम बदलते. त्यामुळे सुधारणेचा क्रम व प्रमाण यांना या विषयात विशेष महत्त्व आहे.

ऐतिहासिक आढावा : खानदेशातील शेतकऱ्याच्या जुन्या बैलगाडीला स्प्रिंग नसे. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविलेली असे व वाटेतील प्रत्येक दगडाचा धक्का जसाच्या तसा आसातून साट्यात येई. टांग्यासारख्या प्रवासी गाड्यांना पोलादी पात्यांच्या कमानी आल्या, तेव्हा फरक जाणवला. पुढे बैलगाडीला रबरी हवेचे टायर बसू लागले आणि स्प्रिंग नसतानाही तिचा खडखडाट पुष्कळ कमी झाला. हवा भरलेला टायर ही वाहनाची पहिली स्प्रिंग आहे, हे यावरून ध्यानात येते. लंडनमधील गाड्या बनविणारे ओबादाया एलियट यांनी १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार कमानीची योजना पुढे आणली. जॉन बॉइड डनलॉप यांचा हवेचा टायर १८८८ चा आहे.

मोटारी धावू लागल्यावर वेग वाढले व स्प्रिंगांचा विचार शास्त्रीय पद्धतीने होऊ लागला. चालताना माणसाचे डोके ज्या लयीत वरखाली होते, त्या लयीशी गाडीचे आंदोलन जुळावे, ही कल्पना ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी मांडली. रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्समध्ये गेलेले मॉरिस ऑली यांनी पुढच्या व मागच्या स्प्रिंगांचे परस्परप्रमाण कसे असावे याचा प्रयोगांनी अभ्यास केला. त्यांच्या कामातून पुढील चाकांचे स्वतंत्र निलंबन १९३४ च्या कॅडिलॅक व ब्यूइक गाड्यांत आले. अर्ल मॅकफर्सन यांनी स्प्रिंग व धक्काशोषक एकाच खांबात बसविण्याची रचना केली आणि ती १९५० च्या सुमारास फोर्डच्या ब्रिटनमधील गाड्यांत प्रथम रूढ झाली. फ्रान्समधील सिट्रोएन डीएस या १९५५ च्या गाडीत पोलादी स्प्रिंगेऐवजी वायू व तेल यांचा उपयोग केला होता.

मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेल्या फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेल्या प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत पुढील चाकांना स्वतंत्र मळसूत्री (वेटोळ्याच्या) स्प्रिंगा, तर मागील अखंड आसाला पात्यांच्या कमानी होत्या. चाकण येथील कारखान्यातून आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (२०१३) व रांजणगाव येथील अबार्थ पुंतो (२०१५) ही महाराष्ट्रात तयार झालेल्या चपळ गाड्यांची अलीकडील उदाहरणे होत. दोन्हींत पुढे मॅकफर्सन खांब व मागे पिळला जाणारा आडवा तुळईवजा आस होता. अबार्थ पुंतोचे निलंबन मूळ पुंतोपेक्षा ताठ व ठेंगणे केलेले होते. या दोन्ही गाड्यांचे भारतातील उत्पादन आता थांबले आहे. मात्र जुन्या गाड्या हातोहात विकल्या जातात व नवा मालक अनेकदा त्यांना ‘मऊ’ करू पाहतो.

कंपनांचे मूलतत्त्व : गाडीचे वस्तुमान दोन भागांत विभागता येते. सांगाडा, एंजिन व प्रवासी हे स्प्रिंगांवर तोललेले असतात. चाके, टायर, गतिरोधाची (ब्रेकची) तबकडी व आस हे स्प्रिंगांच्या खाली असतात. वरचा भाग हळू झुलतो, तर खालचा भाग वेगाने थरथरतो. वरच्या भागाची नैसर्गिक कंप्रता (दर सेकंदास होणारी आंदोलने) आरामदायी गाडीत सु. १ ते १·३ हर्ट्‌झ, स्पोर्ट्‌स मोटारीत सु. १·५ ते २ हर्ट्‌झ व शर्यतीच्या गाडीत त्याहून बरीच जास्त असते. चाकांच्या थरथरीची कंप्रता सु. १० ते १५ हर्ट्‌झ असते.

वरच्या भागाची कंप्रता स्वतःच्या वजनाने स्प्रिंग किती दबते यावर अवलंबून असते. हे दबणे सु. २५ सेंमी. असेल, तर कंप्रता १ हर्ट्‌झ येते, ११ सेंमी. असेल, तर १·५ हर्ट्‌झ आणि ६ सेंमी.च्या थोडे वर असेल, तर २ हर्ट्‌झ. यावरून मऊ गाडीला चाकाच्या वरखाली हालचालीसाठी अधिक जागा का लागते, ते कळते. ठेंगण्या गाडीत ही जागाच नसते.

बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेतील सु. ४ ते ८ हर्ट्‌झच्या कंपनांना सर्वांत जास्त संवेदनशील असते, कारण पोटातील इंद्रिये व पाठीचा कणा यांची अनुस्पंदने या टप्प्यात येतात. संपूर्ण शरीरावर होणाऱ्या कंपनांचे मापन कसे करावे, हे आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेले आहे. अशी कंपने वर्षानुवर्षे सोसणाऱ्या वाहनचालकांत कंबरदुखीचे प्रमाण अधिक आढळते. म्हणून प्रवाससौख्य ही केवळ चैनीची बाब ठरत नाही. याउलट ०·५ हर्ट्‌झहून कमी कंप्रतेचे संथ हेलकावे मळमळ आणतात. त्यामुळे गाडी वाटेल तितकी मऊ करणेही इष्ट नसते.

स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठविते व परत देते. ती ऊर्जा नाहीशी करण्याचे काम धक्काशोषकाचे (बोलीत ‘शॉकअप’चे) असते. त्याच्या नळीतील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून व झडपांतून जाते आणि आंदोलनाची ऊर्जा उष्णतेत बदलते. या क्रियेला अवमंदन म्हणतात. ज्या अवमंदनाने आंदोलन न होता गाडी पूर्वस्थितीत येते ते १ मानले, तर आरामदायी गाडीत ते सु. ०·२ ते ०·३ व स्पोर्ट्‌स मोटारीत सु. ०·४ किंवा अधिक ठेवतात. जास्त अवमंदनाने गाडी झुलत नाही. पण बारीक खड्ड्यांचे धक्के मात्र आत जास्त पोहोचतात.

खानदेशातील रस्ते : तापीच्या खोऱ्यातील जळगाव परिसर काळ्या कपाशीच्या मातीचा आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव असोदा जळगाव शहरालगत याच मुलखात आहे. या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे असतात. पावसाळ्यात ती पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पायाखालच्या या मातीवर योग्य प्रक्रिया झालेली नसेल, तर वरचा डांबरी रस्ता कालांतराने लाटांसारखा होतो व त्याच्या कडा खचतात. अशा रस्त्यावर खड्डे नसले, तरी गाडी झुलते.

समजा, अशा लाटेची लांबी १० मी. आहे. ताशी ६० किमी. वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६·७ मी. अंतर तोडते, म्हणजे तिला सेकंदाला सु. १·६७ वेळा उचल बसते. ही स्पोर्ट्‌स मोटारीची नैसर्गिक कंप्रताच असल्याने अनुस्पंदन होऊन हेलकावे वाढतात. १·२५ हर्ट्‌झ कंप्रतेच्या मऊ गाडीत हीच अवस्था ताशी ४५ किमी. वेगाला येते, ६० किमी.ला ती त्या पलीकडे गेलेली असते व तुलनेने शांत धावते. काँक्रीटच्या महामार्गाची गोष्ट वेगळी आहे. तेथील आडवे सांधे सामान्यतः ४·५ मी. अंतरावर असतात. ताशी ८० किमी. वेगाने जाताना सेकंदाला सु. ५ सांधे ओलांडले जातात व ही कंप्रता शरीराच्या संवेदनशील टप्प्यात पडते. येथे स्प्रिंगेपेक्षा टायर व रबरी सांधे यांचा मऊपणा अधिक उपयोगी पडतो. तात्पर्य, कोणता हादरा कोठून येतो हे पाहिल्यावाचून उपाय ठरविता येत नाही.

गतिरोधकांचाही येथे विचार करावा लागतो. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३·७ मी., उंची १० सेंमी. व वक्रता त्रिज्या १७ मी. अशी मापे ताशी २५ किमी. वेगासाठी दिली आहेत. गावोगावचे अनेक गतिरोधक याहून अरुंद व चढे असतात. मऊ व ठेंगणी गाडी त्यांवर अधिक दबते व तिचा तळ घासतो. म्हणून गाडी मऊ करताना तिची जमिनीपासूनची उंची कमी होऊ देता कामा नये.

सुधारणेचा क्रम : कमी खर्चाचे व सहज मागे घेता येणारे उपाय आधी आणि रचनेत हात घालणारे उपाय नंतर, असा क्रम ठेवणे श्रेयस्कर असते.

(१) तपासणी : वापरलेली गाडी कडक वाटते तेव्हा पुष्कळदा दोष मूळ रचनेचा नसून झिजेचा असतो. निलंबनाच्या दांड्यांच्या टोकांची रबरी बुशे वयाने व उन्हाने कडक होऊन तडकतात. मॅकफर्सन खांबाच्या माथ्यावरील रबरी बैठक दबते. गाडीची चाल मर्यादेपलीकडे गेल्यास झेलणारा रबरी अटकाव तुटून पडलेला असतो व त्यामुळे लोखंडावर लोखंड आदळते. धक्काशोषकाच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसणे, टायरचा माथा ठिकठिकाणी खोलगट झिजणे, गाडीचा कोपरा दाबून सोडल्यावर ती दोनतीनदा झुलणे, ही धक्काशोषक निकामी झाल्याची चिन्हे होत. धक्काशोषक एका आसावर नेहमी जोडीने बदलावेत. एवढ्या दुरुस्तीनेच अनेक गाड्या समाधानकारक होतात.

(२) टायर व हवेचा दाब : टायरची भिंत जितकी उंच, तितकी ती बारीक धक्के अधिक झेलते. टायरच्या मापातील पहिली संख्या रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरी भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा प्रमाणात व तिसरी चाकाचा व्यास इंचांत दर्शविते. २०५/४५ आर १७ या टायरची भिंत ९२ मिमी., १९५/५५ आर १६ ची १०७ मिमी. व १८५/६५ आर १५ ची १२० मिमी. भरते. तिन्ही टायरांचा बाहेरील व्यास मात्र अनुक्रमे ६१६, ६२१ व ६२२ मिमी., म्हणजे जवळजवळ सारखाच आहे. त्यामुळे चाक १७ इंचांवरून १५ इंचांवर आणले, तर वेगमापकात फारसा फरक न पडता भिंतीची उंची २८ मिमी.ने वाढते. खड्ड्याच्या काठावर आपटून चाक वाकण्याची शक्यताही घटते. अर्थात लहान चाकात गतिरोधाची तबकडी व पकड मावतात की नाही, हे आधी पाहावे लागते. टायरचा भारांक व वेगांक मूळ टायरहून कमी असता कामा नये. टायर अरुंद झाल्याने वळणावरील पकड थोडी कमी होते, हा या मऊपणाचा मोबदला होय.

हवा कमी भरून गाडी मऊ करण्याचा मार्ग मात्र धोक्याचा आहे. कमी दाबाचा टायर फिरताना जास्त वाकतो, तापतो व उन्हाळ्यात महामार्गावर फुटू शकतो. जळगाव-भुसावळ भागात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते. २५° से. तापमानाला दर चौ. इंचास ३२ पौंड असलेला दाब ४५° से.ला सु. ३५ पौंड होतो. म्हणून दाब सकाळी, गाडी चालविण्यापूर्वी मोजावा व तापलेल्या टायरमधील हवा काढू नये. निर्मात्याने कमी भाराला व पूर्ण भाराला दिलेले दोन वेगवेगळे दाब पाळल्यास एकट्याने प्रवास करताना पुष्कळ फरक जाणवतो.

(३) धक्काशोषक : खड्ड्याचा तीव्र धक्का बसतो तेव्हा दट्ट्या वेगाने सरकतो, वळणावर वा गतिरोध लावताना गाडी कलते तेव्हा तो सावकाश सरकतो. चांगल्या धक्काशोषकातील झडपा या दोन वेगांना वेगवेगळा प्रतिसाद देतात. सावकाश हालचालीत रोध पुरेसा, पण वेगवान हालचालीत झडप लवकर उघडणारी, अशी रचना मिळाली, तर स्प्रिंग न बदलताही गाडी मऊ लागते व वळणावर कलत नाही. सामान्यतः दबतानाचा रोध उसळतानाच्या रोधापेक्षा कमी ठेवतात. बाहेरून खुंटी फिरवून रोध कमीजास्त करता येणारे धक्काशोषकही मिळतात. पण अनेक स्वस्त प्रकारांत ती खुंटी फक्त सावकाश हालचालीचा रोध बदलते व खड्ड्याचा धक्का होता तसाच राहतो.

(४) स्प्रिंगा : एवढ्याने भागले नाही तरच स्प्रिंगा बदलाव्यात. मळसूत्री स्प्रिंगेची दृढता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात, तर वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. तारेचा व्यास १२ मिमी.ऐवजी ११·५ मिमी. घेतला, तर स्प्रिंग सु. १६ टक्के मऊ होते. उलट सहा कार्यकारी वेढ्यांपैकी एक कापून टाकला, तर ती २० टक्के ताठ होते.

समजा, एका चाकावर तोललेले वस्तुमान ३०० किग्रॅ. असून चाकापाशी मोजलेली स्प्रिंगेची दृढता दर मिमी.ला ३० न्यूटन आहे. हिची कंप्रता सु. १·६ हर्ट्‌झ येते व स्प्रिंग वजनाने ९८ मिमी. दबते. दृढता २२ न्यूटन केली, तर कंप्रता सु. १·३६ हर्ट्‌झपर्यंत उतरते. मात्र दबणे १३४ मिमी. होते. हा ३६ मिमी.चा फरक भरून काढण्यासाठी नवी स्प्रिंग मुळात तेवढी लांब असावी लागते. तसे न केल्यास गाडी बसते, चाल कमी उरते व रबरी अटकावावर वरचेवर आदळून ती पूर्वीपेक्षाही कडक वाटते. चाकामागे ७५ किग्रॅ. जादा भार आला, तर जुनी स्प्रिंग सु. २५ मिमी., नवी सु. ३३ मिमी. दबेल. लग्नसराईत पाच माणसे व सामान घेऊन जाणाऱ्या गाडीसाठी हा हिशेब विसरून चालत नाही.

स्प्रिंग मऊ केल्यावर जुना धक्काशोषक तसाच ठेवला, तर अवमंदनाचे प्रमाण आपोआप वाढते. वरील उदाहरणात ते सु. १७ टक्के, म्हणजे ०·४० वरून ०·४७ होते. गाडी लागोपाठच्या खड्ड्यांत दबल्यावर वेळेत वर येत नाही व चाल संपत जाते. म्हणून स्प्रिंग व धक्काशोषक एकमेकांशी जुळवूनच घ्यावेत.

पुढील व मागील स्प्रिंगांचे प्रमाणही राखावे लागते. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो व मागच्यांना थोड्या वेळाने. मागील भागाची कंप्रता पुढील भागाहून थोडी अधिक असेल, तर मागचा भाग लवकरच पुढच्याशी जुळतो व गाडी एकसंध वरखाली होते. हे ऑली यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. मागे बसणाऱ्यांच्या तक्रारीवरून केवळ मागच्या स्प्रिंगा मऊ केल्यास हे प्रमाण उलटते व गाडी झोपाळ्यासारखी पुढेमागे झुलते.

(५) कलरोधक दांडा : दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा हा पोलादी दांडा वळणावर पिळला जाऊन गाडीचे कलणे रोखतो. दोन्ही चाके एकाच वेळी उचलली गेल्यास तो काही करीत नाही. एकच चाक उचलले गेल्यास मात्र त्या बाजूचा हादरा दुसरीकडे पोहोचवितो. स्प्रिंगा मऊ केल्याने वाढलेले कलणे आवरण्यास मूळ दांडा तसाच ठेवणे बहुधा पुरते. तो काढून टाकू नये. त्याची झिजलेली रबरे व जोडदुवे बदलल्यास खडखड थांबते.

(६) आसन : प्रवासी व गाडी यांमधील अखेरची स्प्रिंग म्हणजे आसन होय. स्पोर्ट्‌स मोटारीचे आसन शरीर घट्ट धरण्यासाठी पातळ व कडक असते. त्यातील फेस जुना होऊन दबला असेल, तर तो योग्य घनतेचा नवा घालावा. फार मऊ गादी तळाला टेकते व धक्का थेट बसतो. म्हणून मांड्यांना व कमरेला आधार देणारी मध्यम गादी लांबच्या प्रवासाला बरी.

प्रचलित चुका : वेढे कापणे ही सर्वांत रूढ चूक होय, तिने गाडी ठेंगणी व ताठ दोन्ही होते आणि कापलेले टोक बैठकीतून निसटू शकते. स्प्रिंग मऊ व्हावी म्हणून ती तापविल्यास पोलादाचे पाणी उतरते व स्प्रिंग खचते किंवा मोडते. वेढ्यांच्या मध्ये रबरी गोळे बसविल्याने गाडी उंच दिसते. पण ते वेढे निकामी होऊन स्प्रिंग प्रत्यक्षात ताठ होते. निकामी धक्काशोषकाने आलेल्या झुलण्याला काहीजण मऊपणा समजतात. अशा गाडीचे चाक रस्त्यावरून उसळत असते, तेवढा वेळ त्याला पकड नसते व गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. रस्त्यात अचानक जनावर आडवे आल्यास चालकाला हे अंतर महाग पडते.

बदलानंतरची चाचणी : बदल करण्यापूर्वी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजून नोंदवावी व नंतर ती ताडून पाहावी. स्प्रिंगा बदलल्यास चाकांची संरेखा (अलाइनमेंट) पुन्हा जुळवावी, कारण उंची बदलताच चाकांचे कोनही बदलतात व टायर एका कडेने झिजतात. दिव्यांचा झोतही तपासावा. एका वेळी एकच बदल करून तोच रस्ता, तोच वेग व तोच भार ठेवून गाडी चालविल्यास कोणत्या बदलाने काय साधले ते कळते. रिकाम्या गाडीबरोबरच पूर्ण भरलेल्या गाडीचीही परीक्षा घ्यावी.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. निर्मात्याने त्या प्रतिकृतीसाठी मान्य केलेल्या मापांतील टायर व सुटे भाग वापरणे, हा त्यामुळे निर्धोक मार्ग ठरतो. त्याच प्रतिकृतीच्या साध्या प्रकारातील स्प्रिंगा, धक्काशोषक व चाके अनेकदा स्पोर्ट्‌स प्रकाराला बसतात व आपापसांत जुळलेलीही असतात. मात्र एंजिनाच्या वजनातील फरक लक्षात घ्यावा लागतो. मोठा फेरबदल केल्यास विमा कंपनीस कळविणे आवश्यक असते. वाहनांच्या अधिकृत चाचण्यांचे काम महाराष्ट्रात पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था करते.

आधुनिक प्रणाली : मऊपणा व ताबा यांतील विरोध कमी करण्यासाठी आता रोध आपोआप बदलणारे धक्काशोषक वापरले जातात. गाडीवरील संवेदक चाकांची व सांगाड्याची हालचाल मोजतात आणि विद्युत् झडप क्षणार्धात तेलाची वाट अरुंद वा रुंद करते. दुसऱ्या प्रकारात तेलात लोहाचे सूक्ष्म कण असतात व चुंबकीय क्षेत्र लावताच त्याचा प्रवाहाला होणारा विरोध वाढतो. ही रचना कॅडिलॅक सेव्हिल एसटीएस या गाडीत २००२ मध्ये प्रथम आली. काही महागड्या गाड्यांत पोलादी स्प्रिंगेऐवजी हवेच्या पिशव्या असून भार वाढला, तरी गाडीची उंची कायम राहते. या प्रणाली दुरुस्तीला खर्चिक आहेत व धूळ, उष्णता आणि खड्डे यांनी त्यांचे आयुष्य कमी होते. साध्या गाडीच्या मालकाला मात्र सुस्थितीतील रबरी सांधे, योग्य उंचीचे टायर, बरोबर दाब व जुळलेले धक्काशोषक यांच्या साहाय्याने प्रवाससौख्यात बरीच सुधारणा करून घेता येते. रस्त्याचा पाया नीट घालणे हा यातील सर्वांत मोठा उपाय. तो मात्र मोटार अभियांत्रिकीच्या नव्हे, तर स्थापत्य अभियांत्रिकीच्या कक्षेतील आहे.